कंपाउंडरला विचारता येतं

कंपाउंडरला हल्ली कुणी साधं "काय, बरं आहे ना?" असं विचारलं तरी तो आधी जमिनीकडे बघतो आणि मग उत्तर देतो. पूर्वी असा नव्हता. पूर्वी हा माणूस विचारायच्या आधी सांगणारा. तुम्ही शिंकलात की याच्या खिशातून गोळी निघालीच म्हणून समजा, आणि गोळीच्या मागोमाग सल्ला. सल्ला फुकट होता, पण ऐकून घेणाऱ्याचा जीव जायचा.

कंपाउंडर हे काही त्याचं खरं नाव नव्हे, आणि धंदाही नव्हे. शाळा सुटल्यावर थोडे दिवस एका डॉक्टरांच्या दवाखान्यात बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचं काम केलं, त्या चिठ्ठ्यांबरोबर हे नाव याला चिकटलं. डॉक्टर व्हायची फार हौस. पण मार्कांनी दगा दिला, बापाचीही ऐपत नव्हती. शेवटी इकडे परदेशात आला आणि लागला लाँड्रीत. लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान नव्हे बरं का. हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी, टॉवेल, पडदे ट्रक भरभरून यायचे आणि धुऊन, पिळून, इस्त्री होऊन, घड्या घालून परत जायचे, असा चांगला मोठा कारखाना. आत शिरलं की वाफेनं चष्मा धुरकटायचा आणि साबणाच्या वासानं नाक चुरचुरायचं. तिथं सरकत सरकत तो सुपरवायझर झाला, आणि झाल्या झाल्या स्वतःहून फर्स्ट एडचं शिक्षण घेऊन आला. दंडाला हिरवा पट्टा, भिंतीवर पांढरी पेटी, आणि पेटीची किल्ली कमरेला. ती किल्ली अशी मिरवायचा, की कारखाना याच्याच बापाचा.

आता या कारखान्यात इस्त्रीच्या रोलरवर चादरी सोडणाऱ्या निम्म्या बायका आणि पुरुष स्पॅनिश बोलणारे. इकडच्या भाषेतले कामापुरते शब्द त्यांना यायचे, 'लवकर', 'थांब', 'ओली', 'वाळली' इतपत. त्यापुढं गाडी अडली की बोलवायचं ड्रायव्हरला. ड्रायव्हर आपल्यातलाच, पण त्याची सासुरवाडी त्या भाषेची. सासूची बोलणी खाता खाता भाषा शिकला, असं तो स्वतःच सांगायचा. अडचण एवढीच की ड्रायव्हर म्हटला की तो फेरीवर. पाहिजे तेव्हा कधी सापडेल तर शपथ.

एकदा एका माणसाचा हात वाफेच्या पाइपला लागला. कोपरापर्यंत कातडं लाल झालं. तो कळवळून काहीतरी सांगतोय, आणि आमचा हिरव्या पट्ट्याचा वीर पेटी छातीशी धरून उभा, ढिम्म. कुठं भाजलंय ते दिसत होतं, पण त्याला चक्कर येतेय का, आधीचं काही दुखणं आहे का, काही विचारता येईना. त्या माणसानं शेवटी बोलणं सोडून दिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. ते कंपाउंडरच्या मनाला फार लागलं. घरी येऊन जेवलाही नाही धड. बायकोला म्हणाला, "मी तिथं असून नसल्यासारखा होतो गं." इथवर सगळं खरं होतं, हे मी मुद्दाम सांगतो. पुढं जे झालं त्याची सुरुवात खोटेपणातून झाली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी तो आणीबाणीत लागणाऱ्या स्पॅनिश वाक्यांचं रेकॉर्डिंग फोनवर घेऊन आला आणि शिकायला बसला. कुठे दुखतंय, हलू नका, खोल श्वास घ्या, काही गोळ्या चालू आहेत का, अँब्युलन्स येतेय. एक बाई गोड आवाजात वाक्य सांगायची, मग थांबायची, की यानं म्हणायचं. सकाळी दाढी करताना "दोंदे ले दुएले", भाजी निवडताना "रेस्पिरे ओंदो". बायको म्हणाली, "त्या बाईचा आवाज या घरात माझ्यापेक्षा जास्त ऐकू येतो." पण तिनंही कौतुकानंच घेतलं. नवरा दारू पीत नाही, पत्ते खेळत नाही, वाक्यं पाठ करतो, करू दे बापडा.

सरावाला रोगी पाहिजे. बायकोला वेळ नव्हता, म्हणून आई झाली रोगी. म्हातारी सोफ्यावर आडवी व्हायची आणि हा गुडघ्यावर बसून गंभीरपणे विचारायचा, "दोंदे ले दुएले?"

दोन दिवसांत आईला प्रश्न कळायला लागला. कुठे दुखतंय, असं पोरगा विचारतोय. आयुष्यात कधी नव्हे ते कुणी तरी विचारतंय म्हटल्यावर तीही मोकळी झाली. "गुडघा रे बाबा, डावा. आणि जिना चढले की इथं छातीत कळ येते. कुणाला सांगितलं नाही मी, उगीच तुमच्या डोक्याला ताप."

"रेस्पिरे ओंदो."

"घेते रे श्वास. पण ऐकतोयस का मी काय सांगते ते?"

"आई, मध्ये मध्ये बोलू नकोस गं, पुढचं वाक्य विसरतो मी."

बघा आता. इथंच घोटाळा झाला, आणि घरातल्या कुणाच्या ध्यानात आला नाही. प्रश्न स्पॅनिश, उत्तर मराठी, असा हा अभ्यास महिनाभर चालला. यानं प्रश्नपत्रिका तोंडपाठ केली. उत्तरं काय येतील, कशी येतील, याचा विचारच केला नाही. बरं, उच्चार एवढे घोटून घोटून केलेले, की कुणालाही वाटावं, हा तिकडंच जन्मला.

पुढचे काही दिवस नशिबानं याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. कुणाचं बोट चिमटलं, कुणाच्या डोळ्यात साबणाचं पाणी गेलं, कुणाच्या पायावर टब पडला. हा धावत जायचा, वाक्य टाकायचा, आणि समोरच्याचा चेहरा उजळायचा. तो बोलायला लागायचा आणि बोलता बोलता बोट दाखवायचा. बोट दाखवल्यावर भाषा कशाला लागते? पट्टी बांधून व्हायची, काम व्हायचं, लोक पाठ थोपटायचे. एकदा रोलरवरच्या बायका चहाच्या वेळेला काहीतरी बोलून खो खो हसल्या, तर हाही त्यांच्याबरोबर हसला. कशाला हसतोय ते त्यालाही माहीत नव्हतं. त्याच दिवशी मनातल्या मनात त्याला जरा टोचलं होतं. पण तेवढ्यात मॅनेजरबाई मागून आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "वा, आपल्याकडे आता भाषा जाणणारा माणूस आहे म्हणायचा."

'नाही हो, मला फक्त विचारता येतं,' एवढंच म्हणायचं होतं. सोपं होतं. पण नाही. हा हसला आणि म्हणाला, "थोडं थोडं येतं." ते थोडं थोडं विनयाचं आहे असं समजून मॅनेजरबाई आणखी खूश झाल्या. आणि काय सांगू, त्यालाही आतून गुदगुल्या झाल्या. त्या दिवसापासून ड्रायव्हरला बोलावणं बंद झालं.

रोलरवर एक मावशी होती. सगळे तिला मावशीच म्हणायचे, तिच्या भाषेतलेही आणि आपल्यातलेही. ठेंगणी, मजबूत, केसांवर कायम निळी टोपी. चादरीचं टोक असं झटकायची की शेजारणीच्या तोंडावर वारा यायचा. घरी एकटी राहायची. मुलगी होती, पण मायलेकींचं बोलणं नव्हतं. मुलीनं आईच्या मनासारखं लग्न केलं नाही की स्वतःच्या मनासारखं केलं, ते नक्की कुणाला ठाऊक नाही. रोलरवाल्या बायका एवढंच सांगायच्या, की मावशीसमोर मुलीचं नाव काढायचं नाही.

एका दुपारी मावशी ओल्या चादरींची ट्रॉली ढकलत निघाली होती. धुलाईच्या यंत्रांपाशी फरशी ओली. ट्रॉलीचं चाक अडकलं, मावशीनं हिसका दिला, पाय सटकला आणि ती मागच्या मागे पडली. आवाज मोठा झाला. बायका धावल्या. कुणीतरी ओरडलं, "कंपाउंडरला बोलवा!" आणि कंपाउंडर आलाच, पेटी घेऊन.

"सरका, सरका, हवा येऊ द्या." गुडघ्यावर बसला आणि घोटलेल्या आवाजात विचारलं, "दोंदे ले दुएले, सेन्योरा?"

मावशीच्या जिवात जीव आला. आपल्या भाषेत विचारणारा माणूस भेटला म्हटल्यावर तिनं त्याची बाही धरली आणि बोलायला सुरुवात केली. मनगट पुढं केलं, ते सुजलेलं होतं. मग तोच हात डोक्यामागे नेला, टोपीला लावला, आणि भराभर काहीतरी सांगितलं. टोपी वाकडी झाली होती. कंपाउंडरनं ती नीट करून दिली. मग तिनं छातीवर हात ठेवला, चिमूट करून तोंडाकडे नेली, पुन्हा सांगितलं. यानं पाण्याची बाटली मागवली आणि तिच्या तोंडाला लावली. आणि सगळा वेळ हो हो, शांत व्हा बाई, असं त्यांच्या भाषेत म्हणत मान डोलावत होता. "सी, सी. त्रांकिला, सेन्योरा. सी."

माल चढवायच्या दारातून ड्रायव्हरनं हाक मारली. गाडीचं इंजिन चालूच होतं. "काय झालं रे? मी बोलू का तिच्याशी?"

"कशाला?" कंपाउंडर वळलाही नाही. "सगळं विचारून झालंय."

"बघ हं."

"अरे, जा ना तू. उशीर होईल तुला."

गाडी गेली. मनगटाला असा झोकदार पट्टा बांधला त्यानं, की पुस्तकात छापावा. मावशीला धरून फर्स्ट एडच्या खोलीत नेलं, खाटेवर निजवलं, दार लोटलं. खोली एवढीशी, एक खाट, एक स्टूल, सिंक आणि वर आवाज करणारा पंखा. तो स्टुलावर बसला. मावशीनं चांगल्या हातानं त्याचा हात धरला आणि पुन्हा बोलायला लागली.

आता ती भराभर बोलत नव्हती. सावकाश बोलत होती, थांबत थांबत, छताकडे बघत. मध्येच डोळ्यांतून पाणी आलं. एक शब्द ती पुन्हा पुन्हा उच्चारत होती. कंपाउंडर म्हणत होता, "सी, सी." खरं सांगायचं तर त्याला छान वाटत होतं. एवढ्या विश्वासानं कुणी त्याच्याशी आजवर बोललं नव्हतं. डॉक्टर झालो असतो तर असंच झालं असतं, असं त्याच्या मनात आलं. बायकोला घरी जाऊन कसं सांगायचं, तेही जुळवून झालं. शेवटी मावशीनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि काहीतरी विचारलं. बहिऱ्यालाही कळलं असतं की हा प्रश्न आहे, आणि साधा प्रश्न नाही. ती उत्तराची वाट बघत होती.

"सी," कंपाउंडर म्हणाला.

मावशीनं सुस्कारा सोडला, त्याचा हात थोपटला आणि डोळे मिटले. बघा, दुखणं थांबलं, असं म्हणत त्यानं अंगावर चादर घातली, दिवा मालवला, आणि बाहेर येऊन बायकांना दटावलं, "कुणी आत जायचं नाही. झोपू द्या तिला."

पाळी सुटली तेव्हा बायका मावशीला उठवायला गेल्या. मावशी उठेना. हाका मारल्या, गालावर थोपटलं, डोळे उघडायची आणि पुन्हा मिटायची. तोंडाची एक बाजू ओघळलेली. अँब्युलन्स आली. कंपाउंडर स्ट्रेचरबरोबर दारापर्यंत धावला. तोंडातून वाक्य आपोआप निघत होतं, "ला आंबुलान्सिया या विएने," अँब्युलन्स येतेय. अँब्युलन्स समोर उभी होती, आणि मावशीला ऐकू येत नव्हतं.

थोड्या वेळानं इस्पितळातून फोन आला. ऑफिसात सगळे जमले होते. मॅनेजरबाईंनी फोनवर सांगितलं, "आमचा माणूस तिच्याशी बराच वेळ बोललाय, त्याला तिची भाषा येते, त्याच्याकडे देते," आणि फोन त्याच्या हातात ठेवला. डॉक्टरीणबाई घाईत होत्या. पडताना डोकं आपटलं का? रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का? ती काय म्हणाली?

सगळ्यांचे डोळे याच्यावर. मॅनेजरबाईंचे, घडीवाल्यांचे, दारात उभ्या असलेल्या रोलरवाल्या बायकांचे. माणसाला खरं बोलायला एक क्षण पुरतो, पण तोच नेमका हातातून निसटतो.

"नाही," कंपाउंडर म्हणाला. "डोक्याचं काही बोलली नाही. गोळ्यांचंही नाही. मनगटाचंच सांगत होती."

फोन ठेवला. ड्रायव्हर फेरीवरून परतला होता. दारातल्या दोन बायका त्याला धरून तावातावानं काहीतरी सांगत होत्या, आणि सांगता सांगता कंपाउंडरकडे बघत होत्या. ड्रायव्हर आत आला.

"अरे, या म्हणतायत, मावशी ओरडून ओरडून तुला सांगत होती. डोकं ट्रॉलीच्या दांड्यावर आपटलंय म्हणाली. हृदयाच्या गोळ्या घेते, रक्त पातळ करणाऱ्या, ते म्हणाली. तू हो हो म्हणत मान डोलावत होतास, म्हणून या गप्प बसल्या."

कंपाउंडर कमरेची किल्ली चाचपायला लागला.

"सांगितलं होतं का तिनं?"

"असेल."

"असेल म्हणजे? ऐकू आलं नाही तुला?"

"ऐकू आलं." आवाज इतका खाली गेला की मॅनेजरबाई पुढं वाकल्या. "कळलं नाही. मला त्यातलं काहीच कळत नाही रे. मला फक्त विचारता येतं."

कुणी ओरडलं असतं, शिवी घातली असती, तर बरं झालं असतं. ड्रायव्हरनं फक्त फोन उचलला आणि इस्पितळाला खरं काय ते सांगितलं. कंपाउंडरनं दंडावरचा पट्टा काढायचा प्रयत्न केला. गाठ सुटेना. दातांनी ओढत राहिला. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्याला तेव्हा कळलं.

मावशीच्या डोक्यात रक्त साकळलं होतं. ऑपरेशन झालं. आधी कळतं तर किती वाचतं, हे त्यानं डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आधी आणायला हवं होतं." दुपारची अख्खी वेळ मावशी त्या अंधाऱ्या खोलीत पडून होती, आणि दाराबाहेर हा पहारा देत होता.

इस्पितळाच्या व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर तो आणि ड्रायव्हर बसले होते, तेव्हा मुलगी आली. कुणीतरी कळवलं असावं. तिशीतली, कामाच्या कपड्यांतच धावत आलेली. इकडची भाषा स्वच्छ बोलायची. आधी डॉक्टरांशी बोलली, मग सोबत आलेल्या रोलरवरच्या बायकांशी, आणि मग सरळ कंपाउंडरसमोर येऊन उभी राहिली.

"तुम्हीच ना? आईजवळ तुम्हीच होतात ना? बायका म्हणाल्या, खोलीत ती तुमच्याशी बराच वेळ बोलली. दाराच्या फटीतून दिसलं, रडत होती म्हणाल्या." ती आणखी जवळ आली. "माझ्याबद्दल काही बोलली का? माझं नाव घेतलं का?" आणि तिनं आपलं नाव सांगितलं.

तोच शब्द. मावशी पुन्हा पुन्हा उच्चारत होती तो शब्द.

"घेतलं," कंपाउंडर म्हणाला. हे तरी खरं होतं.

"काय म्हणाली?"

आता बोल की बाबा. ऑफिसात बोललास ना सगळ्यांसमोर? पण तिथं फक्त अब्रू जायची होती, ती गेली. इथं समोर एक लेक उभी होती, आणि तिच्या आईचं बोलणं याच्या कानांत पडून वाया गेलं होतं. ड्रायव्हरनं त्याच्या पायाला पाय लावला. तरी याच्या तोंडून निघालं, "तिला बरं तर होऊ द्या. तीच सांगेल."

मुलगी कशीबशी हसली, म्हणाली, "हो, तेही खरं," आणि त्याचे आभार मानून गेली. ड्रायव्हर म्हणाला, "तू माणूस आहेस की कोण?"

मावशी वाचली. पण उजवा हात गेला, आणि बोलणं गेलं. समोरचं थोडंफार समजायचं, माणसं ओळखायची, सांगायलाही जायची, पण तोंडातून शब्दाच्या जागी घरघर यायची. हळूहळू येईल, असं इस्पितळातले म्हणाले. किती येईल ते कुणी सांगितलं नाही.

घरी बायकोनं फार बोलणं काढलं नाही. ताट वाढायची, उचलायची. एकदा एवढंच म्हणाली, "जाऊन सांगून या. असे कुढत बसलात म्हणून तिचं काय होणार आहे?" तो कपडे करायचा, चपला घालायचा आणि दारातून परत फिरायचा. शेवटी मुलीचाच निरोप आला ड्रायव्हरकडे, की त्या सुपरवायझरना घेऊन या, आई त्यांना शोधतेय.

"शोधतेय म्हणजे?" यानं विचारलं.

"मला काय माहीत? चल."

वॉर्डात शेवटची खाट मावशीची. डोक्याला पट्टी, खाली केस भादरलेले, टोपीशिवाय ती अगदी लहान दिसत होती. कंपाउंडर आत आला मात्र, मावशीचा चेहरा फुलला. आपलं माणूस आल्यावर फुलतो तसा. तिनं डावा हात उचलला, त्याच्याकडे बोट केलं, मग मुलीकडे केलं, पुन्हा त्याच्याकडे.

"बघा," मुलगी म्हणाली. ती खाटेच्या कडेला बसली होती. "मी रोज विचारते, आई, माझ्यावरचा राग गेला का गं? एवढंच सांग. ती सांगायला जाते, शब्द येत नाही, रडते, आणि मग हातानं दंडाभोवती विळखा घालून दाखवते. मला कळेना. काल बायका भेटायला आल्या तेव्हा कळलं, दंडाला पट्टा बांधणारा माणूस. तुम्ही. तिनं तुम्हाला सांगून ठेवलंय सगळं. काय सांगितलंय?"

मावशीचं बोट त्याच्याकडे होतं. ती वाट बघत होती. त्या खोलीत बघत होती तशीच.

कंपाउंडर खाटेजवळ सरकला. "ती बोलली," तो म्हणाला. "पुष्कळ बोलली. तुमचं नाव कितीदा तरी घेतलं. शेवटी मला काहीतरी विचारलं आणि मी हो म्हणालो. बहुतेक, तुम्हाला सांगाल ना, असंच विचारलं असेल. पण मला तुमची भाषा येत नाही, बाई. पाठ केलेली चार वाक्यं येतात. तिनं काय सांगितलं त्यातला एक शब्दही मला कळला नाही. मी नुसता मान डोलावत होतो. डोक्याचं सांगितलं तेव्हाही तेच केलं. त्या दिवशी व्हरांड्यात तुमच्याशी खरं बोललो नाही. मला क्षमा करा, असं म्हणायलासुद्धा तोंड नाही माझ्याकडे."

मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. मावशी मुलीच्या चेहऱ्याकडे उत्सुकतेनं बघत होती. इकडच्या भाषेतलं एवढं भराभर बोलणं तिला कळलं नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं, की हा माणूस शेवटी आला, आणि मुलीला काहीतरी सांगतोय, आणि मुलीच्या डोळ्यांत पाणी आलंय.

मुलीनं डोळे पुसले. आईवर वाकली, तिच्या कपाळावरून हात फिरवला, आणि तिच्या भाषेत हळूच दोनच वाक्यं बोलली. मावशीनं डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावरचा सगळा ताण उतरला. मग तिनं डोळे उघडले, कंपाउंडरकडे डावा हात लांब केला, त्याचा हात पकडला आणि थोपटायला लागली.

"काय सांगितलं तिनं?" त्यानं मागे उभ्या ड्रायव्हरला विचारलं.

ड्रायव्हर त्याच्या कानाशी वाकला. मग म्हणाला, "म्हणाली, आई, त्यांनी मला सगळं सांगितलं. अगदी तू सांगितलंस तसं."

मावशी हात थोपटत होती, सोडत नव्हती. मुलीनं तोंड खिडकीकडे वळवलं होतं. कंपाउंडरला तो हात सोडवून घेता येईना, म्हणून तो तसाच वाकून उभा राहिला.